एक थाप माफ: विज्ञानकथा वाचायची कशी आणि लिहून बघायची कशी

आमच्या रविवारच्या वाचनगटात गेल्या वर्षी एक निवृत्त बँक अधिकारी यायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी कबुली देऊन टाकली. "मला मॅट्रिकला विज्ञानात पंचेचाळीस मार्क होते. आज तुम्ही विज्ञानकथा घेणार म्हणताय, तर मी आपला मागच्या खुर्चीवर बसतो." सगळे हसले, पण त्यांची भीती खरी होती. विज्ञानकथेला हात न लावणारे बरेच मराठी वाचक याच भीतीपोटी लावत नाहीत. उरलेल्यांना तो पोरासोरांचा प्रकार वाटतो: याने, हिरवी माणसं, लेझरच्या बंदुका.

दोघांनाही मी एकच गोष्ट सांगतो. विज्ञानकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला व्यवहार आहे. लेखक म्हणतो, सुरुवातीला मी एक थाप मारणार आहे, तेवढी माफ करा. पुढे मात्र पै-पैचा हिशेब देईन. हा हिशेब तपासायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. वाण्याचं बिल दोनदा बेरीज करून बघणारी नजर असली की झालं. हे ऐकल्यावर बँकवाले काका एक खुर्ची पुढे सरकले.

पायरी पहिली: थाप कुठे आहे ते शोधा

कथा वाचताना पेन्सिल हाताशी ठेवा. ज्या वाक्यापाशी आपलं जग आणि कथेतलं जग यांची फारकत होते, तिथे खूण करा. (पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर खूण वेगळ्या कागदावर.) मग ती थाप 'समजा' या शब्दापासून सुरू होणाऱ्या एका वाक्यात लिहून काढा. एका वाक्यात मावत नसेल, तर एक तर तुम्हाला ती नीट सापडलेली नाही किंवा लेखकानेच तीन-चार थापा एकात एक घुसडल्या आहेत. समीक्षक डार्को सुविन यांनी या थापेला 'नोव्हम' असं भारदस्त लॅटिन नाव दिलं. अर्थ साधा आहे: नवी गोष्ट.

एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या 'इनव्हिजिबल मॅन'मध्ये वाक्य सोपं आहे: समजा, एका माणसाला अदृश्य होता आलं. आपल्याकडच्या गोष्टींत असा माणूस अंजन घालतो, राजवाड्यात शिरतो आणि मजा मारतो. वेल्स हिशेब मांडायला बसतात. माणूस अदृश्य झाला, कपडे झाले नाहीत. म्हणजे इंग्लंडच्या थंडीत नागडं फिरणं आलं. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहणार. कुत्र्यांना वास येणारच. चिखलातून चाललं की पावलं उमटणार. ज्याला आपण वरदान समजत होतो, त्याचं बघता बघता सर्दी, भूक आणि पळापळ होतं. एक रक्कम मात्र वेल्सनी बिलातून गाळली. डोळ्यातला पडदाही पारदर्शक झाला तर प्रकाश त्यावर अडणार कसा? म्हणजे अदृश्य माणूस आंधळा असायला हवा. पण ती माफ केलेल्या थापेतच मोडते, असं मी धरतो.

एका कथेत अद्भुत एकच असावं, कारण काहीही घडू शकतं म्हटलं की कशातच गोडी उरत नाही, हे वेल्सनीच १९३३ साली एका प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे.

इथे एक जुनं भांडणही सांगायला हवं. ज्यूल व्हर्न यांना वेल्सची पद्धत मान्य नव्हती. मी माझी माणसं तोफेच्या गोळ्यातून चंद्राकडे पाठवतो, हे गृहस्थ गुरुत्वाकर्षण अडवणारा धातू शोधून काढतात. दाखवा म्हणावं तो धातू, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार रास्त वाटते. पण आता तोफेचं बिल बघा. व्हर्न यांच्या १८६५ च्या कादंबरीतली तोफ ९०० फूट, म्हणजे सुमारे २७५ मीटर लांब. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास वेग हवा. तो एवढ्याशा अंतरात गाठायचा तर आतल्या प्रवाशांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार पडणार. तोफ उडताक्षणी आतल्या माणसांचं थालीपीठ. विज्ञानाला धरून चालल्याचा दावा करणाऱ्याने प्रवासी मारले, आणि सरळ थाप मारणाऱ्याचे सुखरूप पोचले. काकांना हा हिशेब इतका आवडला की त्यांनी तो मोबाइलवर पुन्हा करून पाहिला.

पायरी दुसरी: थाप काढून बघा

सापडलेली थाप चिमटीत धरून कथेतून उचला. कथा कोसळली तर ती विज्ञानकथा. तशीच उभी राहिली, तर ती प्रेमकथा किंवा चोर-पोलिसांची गोष्ट आहे. फक्त मंगळावर नेऊन ठेवलेली. मेरी शेली यांच्या १८१८ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधून मेलेल्या मांसात प्राण घालण्याचा प्रयोग काढा. काही उरत नाही, त्या दुर्दैवी जिवाचा एकटेपणासुद्धा नाही.

भुताच्या गोष्टीपासूनचा फरकही इथेच कळतो. नारायण धारप भयकथांसाठी ओळखले जातात, पण 'नेनचिम'सारखी विज्ञानकादंबरीही त्यांनी लिहिली आहे. एकच लेखक दोन्हीकडे वावरतो, पण हात वेगळा लागतो. भयकथेत दाराआड काय आहे हे कळलं की अर्धी भीती ओसरते, म्हणून लेखक ते लांबवतो. विज्ञानकथेत ते कळल्यावरच खरी गोष्ट सुरू होते.

आणि पुष्पक विमान? गटात हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतोच. पुष्पकाची कल्पना सुंदर आहे, पण ते उडतं कशावर, दुरुस्त कोण करतं आणि ते असल्यामुळे लंकेच्या बाजारपेठेत काय फरक पडला, हे विचारायची मुभा ती गोष्ट देत नाही. देण्याची गरजही नाही; तिचं काम वेगळं आहे. पण आज कोणी पुष्पकाच्या देखभाल खात्यातल्या कारकुनावर कथा लिहिली, तर मी ती आनंदाने विज्ञानकथेच्या कपाटात ठेवीन.

पायरी तिसरी: पहिलं कपाट कसं भरावं

कादंबरीने सुरुवात करू नका. आवडली नाही तर तीनशे पानं अंगावर येतात आणि दोष सगळ्या प्रकाराला लागतो. कथेपासून सुरू करा, तीही मराठीतल्या, कारण थाप ओळखायची सवय ओळखीच्या गल्लीत लवकर लागते.

जयंत नारळीकरांपासून सुरुवात करणं सोपं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली होती. लेखक: नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नावाची आद्याक्षरं उलटीकडून वाचा, म्हणजे जगताप कोण ते कळेल. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातची होती. नाव मोठं म्हणून बक्षीस, असं व्हायला नको, एवढाच उद्देश. त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह मिळाला तर आधी तोच घ्या.

पुढे ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे. शरीर आणि जीवशास्त्राकडे ओढा असेल तर बाळ फोंडके. भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्राचं संशोधन केलेला हा लेखक पोलीस तपासाच्या अंगाने कथा छान रंगवतो. मेंदू, मन, माणसाचा स्वभाव यांची उत्सुकता असेल तर सुबोध जावडेकर. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइनस्टाइन' चुकवू नका. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी', अरुण साधूंची 'विप्लवा' या कादंबऱ्या दुसऱ्या फेरीत. निरंजन घाटे यांनी तर इतकं लिहिलं आहे की कुठूनही सुरुवात करा. घरात दहा-बारा वर्षांचं कोणी असेल तर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न द्या; फास्टर फेणेच्या लेखकाची भाषा व्हर्नपेक्षा पुष्कळ खेळकर आहे, असं माझं आपलं मत.

पुस्तकं दुकानात न मिळण्याची शक्यता बरीच. जुनी ग्रंथालयं, रद्दीची दुकानं आणि दिवाळी अंक हे खरे ठेवे. 'नवल' या नियतकालिकाचे जुने अंक दिसले तर किंमत न विचारता उचला. मराठी विज्ञानकथा पुस्तकांच्या आधी अंकांतच वाढली.

पायरी चौथी: एक कथा भिंगाखाली

आता नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात 'द अॅडव्हेंचर' म्हणून भेटते. थाप अशी: समजा, १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी चाटून गेली. मराठी माणसाच्या मनातलं हे सगळ्यात जुनं 'जर'. साधा लेखक इथून थेट अटकेपार झेंडे लावत सुटला असता.

नारळीकर काय करतात ते हळू वाचा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर भलत्याच मुंबईत येऊन पडतात. ईस्ट इंडिया कंपनी तिथे अजून ठाण मांडून आहे. पंत घाबरतात, पण रस्त्यावर कोणाला 'मी कुठे आहे?' म्हणून विचारत सुटत नाहीत. ज्या कचेरीत त्यांचा मुलगा असायला हवा तिथे जाऊन चौकशी करतात. त्या नावाचं कोणीच नाही. तो अर्ध्या पानाचा प्रसंग मला सगळ्या कथेत बोचरा वाटतो. नंतर ते ग्रंथालय गाठतात आणि इतिहासाचे खंड ओळीने काढून बसतात. कुठपर्यंत सगळं ओळखीचं आहे आणि कुठून बदलतं, ती सीमारेषा शोधत पानिपतापाशी येतात. ही वैज्ञानिकाची रीत आहे, आणि ती एकही समीकरण न मांडता आली आहे. पुरावा म्हणून बखरीचं एक पान त्यांच्या खिशात राहतं. 'स्वप्न पडलं होतं' ही पळवाट लेखकाने स्वतःच बंद करून टाकली.

शेवटी वैज्ञानिक मित्र पंतांना समांतर जगांबद्दल समजावून सांगतो, तो भाग मला थोडा जड जातो. कथा तेवढ्यापुरती वर्गात जाऊन बसते.

नारळीकरांचीच दुसरी कथा 'उजव्या सोंडेचा गणपती'. ही वाचण्याआधी हाताने एक प्रयोग करा, दहा मिनिटांचा आहे. जुन्या फायलीचं पारदर्शक कव्हर कापून फूटभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी काढा. तिच्यावर मार्करने डावीकडे सोंड वळलेला छोटा गणपती काढा. पट्टीला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटपट्टीने जोडा. आता तोच गणपती पट्टीवर पुढे पुढे काढत चला, प्रत्येक मागच्यासारखाच. एक फेरा झाला की तुम्ही पहिल्या चित्रापाशी याल, पण प्लास्टिकच्या पलीकडच्या बाजूला. शेवटचं चित्र काढा आणि पट्टी पहिल्या चित्राच्याच बाजूने डोळ्यांसमोर धरा. आरपार दिसणारं शेवटचं चित्र डोक्यावर उभं असेल. ते सुलट होईल अशी पट्टी फिरवा. सोंड उजवीकडे!

या पट्टीला मोबियसची पट्टी म्हणतात. कुठेही उचलून उलटं न करता, नुसतं चालत राहून वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी होते. कथेतली थाप एवढीच की माणसाचंही असं झालं तर. गटात आम्ही हिशेब आणखी पुढे नेला. हातमोज्यांसारखी रेणूंचीही डावी आणि उजवी घडण असते. आपल्या शरीरातली प्रथिनं डावखुऱ्या अमिनो आम्लांची बनतात आणि साखरेचे रेणू उजवे असतात. उलटा झालेला माणूस आपल्या घरचा वरणभात पोटभर खाऊनही उपाशी राहील. "म्हणजे त्याच्या बायकोनेही उलटं होऊन यायला हवं, स्वयंपाकघर घेऊन," असं एक काकू म्हणाल्या. माझ्या मते तिथे दुसरी कथा सुरू झाली.

पायरी पाचवी: जगाचा नकाशा, धावता

इतिहास पाठ करायची गरज नाही, चार खुणा पुरेत. १९२६ च्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं आणि या प्रकाराला स्वतंत्र घर मिळालं. 'ह्यूगो' पुरस्कार त्यांच्याच नावाचा. 'रोबॉट' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२१ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातला. मूळ शब्दाचा अर्थ वेठबिगारी, आणि त्या नाटकातले रोबॉट लोखंडी नव्हेत, हाडामांसासारख्या द्रव्याचे आहेत. आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ च्या एका कथेत रोबॉटसाठी तीन नियम घालून दिले आणि उरलेलं आयुष्य ते नियम कसे अडचणीत येतात हे दाखवण्यात घालवलं. पोलंडचे स्तानिस्लाव लेम आणि अमेरिकेच्या अर्सुला ल ग्विन यांनी हिशेबाची वही यंत्रांकडून माणसांकडे वळवली. यंत्रांचा कंटाळा असलेल्यांनी तिकडून शिरावं.

आपल्या जवळची खूण बंगालमध्ये आहे आणि ती भलतीच गोड आहे. १८९६ साली केसाच्या तेलाच्या एका व्यापाऱ्याने भरवलेल्या कथास्पर्धेत जगदीशचंद्र बोस यांना बक्षीस मिळालं. कथेत समुद्रावरचं वादळ तेलाची बाटली ओतून शांत केलं जातं. जाहिरातही झाली आणि पृष्ठताणाचं विज्ञानही सांगून झालं. त्यानंतर १९०५ मध्ये बेगम रुकैया यांनी इंग्रजीत एक जग लिहिलं, जिथे बायका सूर्याच्या उष्णतेवर कारभार चालवतात आणि पुरुष पडद्यात बसतात. थाप एक, हिशेब चोख, आणि हसता हसता वाचणाऱ्याच्या कानाखाली आवाज.

पायरी सहावी: खोट ओळखा

बिलातल्या नेहमीच्या चुका ठरलेल्या असतात. अवकाशात स्फोटाचा आवाज येत नाही, कारण तो वाहून न्यायला हवाच नाही. पृथ्वीवरून मंगळाला निरोप पोचायला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त २२ मिनिटांच्या आसपास लागतात. त्यामुळे मंगळावरचा नायक पुण्यातल्या आईशी फोनवर भांडायला लागला की मी पुस्तक मिटतो. (भांडण पत्राने झालं, आणि प्रत्येक टोमण्याचं उत्तर पाऊण तासाने आलं, तर मात्र ती कथा मला हवी आहे.)

पण विज्ञानाच्या चुकांपेक्षा मराठीत मला जास्त खुपतं ते 'काका-पुतण्या प्रकरण'. एक प्राध्यापक काका, एक बावळट पुतण्या. पुतण्या म्हणतो, "म्हणजे काय हो काका?" आणि काका चार पानं बोलतात. तेवढ्यात काकू चहा घेऊन येतात. कथेतलं त्यांचं तेवढंच काम. असं दिसलं की समजावं, लेखकाला लेख लिहायचा होता. विज्ञान कथेच्या चुलीत जळायला हवं, ताटात वाढायला नको.

भविष्य खरं ठरलं की नाही, यावरून कथा जोखू नका. व्हर्ननी चंद्रावर जायला फ्लोरिडा निवडलं आणि पुढे अपोलोही तिथूनच उडालं, ही गंमत झाली. तोफ चुकली म्हणून कादंबरी पडत नाही.

पायरी सातवी: स्वतः एक थाप मारा

वाचनगटात आम्ही सगळ्यांना एकच 'समजा' दिलं: समजा, झोपेची गरज संपवणारी स्वस्त गोळी निघाली. लिहिण्याआधी तीन रकाने आखायला सांगितले.

पहिल्या रकान्यात लगेच काय होईल ते. इथे सगळ्यांचं सारखंच आलं: अभ्यास जास्त, काम जास्त, मोबाइल जास्त. हा रकाना लिहून झाला की खोडून टाका. जे सगळ्यांना सुचतं त्यावर कथा उभी राहत नाही.

दुसऱ्यात पैसे आणि जागा. कोणाचा धंदा बसेल, कोणाचा चालेल? इथे हात थबकतात आणि खरं काम सुरू होतं. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये पाळ्यांप्रमाणे झोपायचे. एक कामाला निघाला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा. आजही शहरांत 'कॉट बेसिस'वर जागा मिळते. झोपच नाही म्हटल्यावर खाट कशाला? भाड्याने फक्त कपाट लागेल, बॅग ठेवायला. म्हणजे कॉट देणाऱ्या बाईंच्या अकरा गाद्यांचं काय?

तिसऱ्या रकान्यात एकच माणूस, त्याचं एक नुकसान आणि एक सकाळ. तेवढ्यावरच लिहायचं, हजार शब्दांच्या आत. गोळी कशी बनली हे सांगायला जास्तीत जास्त दोन वाक्यं. पुतण्याला प्रवेश नाही.

एका मुलीने अंगाई विसरलेल्या आजीवर लिहिलं. एकाने सोसायटीच्या वॉचमनवर. सगळेच जागे असताना पहारा कसला, म्हणून त्याला काढून टाकतात, आणि तो सवयीने रात्रभर गेटपाशीच बसून राहतो. बँकवाले काका तीन रविवार काहीच बोलले नाहीत. चौथ्या रविवारी त्यांनी विचारलं, "रात्र अशी वेगळी राहिलीच नाही, तर रात्रपाळीचा भत्ता कोण देणार?"

पाचव्या रविवारी त्यांनी एक टाइप केलेलं पान आणलं. कथा नव्हती, परिपत्रक होतं. विषय: रात्रपाळी भत्ता बंद करण्याबाबत. संदर्भ, दिनांक, परिच्छेद क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. तिसऱ्या परिच्छेदात कर्मचाऱ्यांनी गोळी घेतल्याचा दाखला दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत जमा करायचा होता. सहाव्यात, वैद्यकीय कारणाने झोपावं लागणाऱ्यांसाठी विनावेतन रजेचा नमुना अर्ज जोडला होता. आणि खाली, सही-शिक्क्याच्या वर, बारीक अक्षरात एक टीप: शाखेच्या आवारात जांभई देताना आढळल्यास कारणे दाखवा नोटीस बजावण्यात येईल.